लाल दोरा आभाळाकडे

११ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. पट्ट्या उकळत ठेवल्या आहेत.

दादा,

नमस्कार. जखमेला बांधायच्या पट्ट्या उकळी फुटल्यावर दहा मिनिटं ठेवायच्या असतात, तेवढ्यात हे लिहायला घेतलं. मागच्या तिन्ही पत्रांना तुझं उत्तर आलं नाही, म्हणून या वेळी वहिनींच्या पत्रात घडी न घालता वेगळ्या पाकिटात पाठवतो आहे. पाकिटावर माझं अक्षर बघून फाडू नकोस. यात भांडणाचं काही नाही.

आई बरी आहे. लंगडते, पण घरातल्या घरात सगळं करते. हापसा बसून आठ महिने झाले. पाणी जरा मचूळ लागतं, पण जमिनीखालचं बंद पाणी, त्यात जिवंत काही नसतं. तळ्यावर आता गुरं जातात आणि कधीमधी न्हावी अंघोळीला जातो. त्याचं म्हणणं, हापशाच्या रांगेत बायका त्याला गिऱ्हाइकांच्या भानगडी विचारून हैराण करतात.

माझी नोकरी चालू आहे. एकशे बारा घरं, आठवड्यात सगळी फिरून होतात. प्रत्येक घरी सगळ्यांचे पाय बघायचे, पाणी गाळायचं फडकं फाटलं आहे का बघायचं, आणि वहीत लिहायचं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई म्हणतात, तुझी वही बघितली की मला माझ्या अक्षराची लाज वाटते.

एक सहज विचारायचं होतं. तुझ्या भिंगरीचे पाय कसे आहेत? रोज संध्याकाळी ती खेळून आली की पाय धुऊन, कोरडे करून, उजेडात बघायला वहिनींना सांग. गुडघ्यापासून खाली, घोट्याभोवती जास्त. कुठे सूज, खाज, एखादा फोड. फोडाच्या आधी बारीक ताप येतो किंवा अंगावर पित्त उठल्यासारखं दिसतं. तसं काही असलं तर फोड फोडायचा नाही आणि तो पाय कुठल्याही साठलेल्या पाण्यात बुडवू द्यायचा नाही.

हे मी सगळ्यांनाच सांगतो. नोकरीचाच भाग आहे.

पट्ट्या झाल्या.

तुझा धाकटा


९ मार्च, दुपारी दोन वाजता. वही समोर आहे, पण त्यात आजचं काही लिहिलेलं नाही.

दादा,

वहिनींचं पत्र मिळालं. भिंगरी ठीक आहे, दिवसभर एका पायावर गिरक्या घेते, असं लिहिलं आहे. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘तुमचे दादा पत्र वाचतात आणि वाचलं नाही असं दाखवतात.’ ते वाचून बरं वाटलं. तू वाचतोस तर मला नीट लिहिलं पाहिजे.

शुक्रवारी न्हाव्याच्या दुकानात पाय बघायला गेलो. तो म्हणाला, ‘काय रे, पाय बघायला आलास का पोरगी?’ उजव्या घोट्याच्या वर सुपारीएवढा फोड होता.

मी म्हटलं, ‘हे काय?’

‘जोडा चावला.’

‘तुझ्याकडे जोडा आहे कुठे?’

‘म्हणून तर चावला. परका होता.’

दुकानातली दोन माणसं हसली. मी पण हसलो. मग त्याला मागच्या खोलीत नेलं, बादलीत पाणी घेऊन पाय बुडवला. फोड फुटला आणि थोड्या वेळाने नारूच्या किड्याचं पांढरं टोक बाहेर आलं, शिवायच्या दोऱ्यासारखं. न्हावी वाकून बघत राहिला. म्हणाला, ‘हे गेलं होतं ना रे गावातून?’

बादलीतलं पाणी मी लांब कोरड्या मातीत ओतलं, तळ्याच्या उलट बाजूला. टोक काडीला गुंडाळलं. त्याला केंद्रात पोचवलं. चोवीस तासांच्या आत कळवायचं असतं, मी तीन तासांत कळवलं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचे साहेब आले. तळं बंद केलं, त्यात औषध टाकलं. मला समोर बसवून विचारलं, ‘तीन वर्षांवर झाली, तुझ्या गावात एकही नारू नाही. नारू असलेल्या माणसाने पाण्यात पाय घातल्याशिवाय दुसऱ्याला होत नाही. पोटात गेल्यापासून बाहेर यायला दहा ते चौदा महिने लागतात. म्हणजे गेल्या वर्षी जानेवारी ते एप्रिलमध्ये कोणीतरी पाय घालून तळ्यात उतरलं होतं. कोण?’

मी म्हटलं, ‘वहीत कोणी नाही साहेब.’

हे खरं आहे. वहीत कोणी नाही.

आता गावात बोललं जातं, की न्हाव्याने बाजाराच्या गावाहून आणला. त्याच्या बायकोला हापशावर शेवटी पाणी भरायला लावतात. दुकानाला कडी आहे.

दादा, तू गेल्या वर्षी १९ ते २१ एप्रिल इथे होतास. आईच्या पायाला पट्टी होती. तू विचारलंस तेव्हा आम्ही दोघांनी काटा म्हणून सांगितलं. तुला पटलं नव्हतं. तू म्हणालास, ‘अख्ख्या गावाचे पाय तपासतोस आणि घरातला पाय झाकतोस होय?’ मी तुला म्हणालो, शहरात जाऊन फार शहाणा झालास. तिसऱ्या दिवशी पहाटे तू न सांगता निघून गेलास.

काटा नव्हता.

भिंगरीचे पाय बघायचं थांबवू नका.

तुझा धाकटा


२४ मार्च, सकाळी सव्वापाच. झोप येत नाही म्हणून पायच बघत बसलो होतो, माझे.

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनींनी एका ओळीत कळवलं, की तू माझं पत्र खिशात घालून कामावर गेलास. म्हणून पुढचं लिहितो.

आईचा फोड मला २९ मार्चला दिसला होता; आदल्या वर्षी जत्रेत प्यायलेल्या पाण्यातून आला असणार. नियमाप्रमाणे त्याच दिवशी कळवून तिला केंद्रात ठेवायला हवं होतं. तिथे खाट मिळते, जेवण मिळतं, पाय पाण्यापासून लांब राहतो. तेव्हा गावाची तीन वर्षं पुरी व्हायला फक्त बेचाळीस दिवस उरले होते. तीन वर्षं एकही नारू नसलेल्या गावाला हापसा मिळणार होता. एकशे बारा घरांचा हापसा माझ्या आईच्या घोट्यावर अडला होता. मी तसा विचार केला. आई म्हणाली, ‘माझा मुलगा पाच वर्षांनी नातीला घेऊन येतोय आणि मी तिकडे खाटेवर लोळत पडू? कोणाला सांगितलंस तर बघ.’ पण दोष तिच्यावर टाकत नाही. तिला नियम माहीत नव्हता, मला होता.

मी घरीच पट्टी बांधली. नारू रोज दोन बोटं एवढाच काडीला गुंडाळायचा असतो, त्याला तीन-चार आठवडे लागतात. तू यायच्या आत संपवायचा म्हणून मी चार चार बोटं ओढला. नवव्या दिवशी तो तुटला. तुटलेला आत राहतो आणि पिकतो. आईचं लंगडणं त्यामुळे आहे, वयामुळे नाही.

हे वाचताना तुला राग आला असेल, तर पुढच्यासाठी थोडा राखून ठेव.

२ एप्रिलला पहाटे आई अंथरुणात नव्हती. नारूचा पाय निखाऱ्यावर धरल्यासारखा जळतो, आणि थंड पाण्याने ती आग शांत होते. तो पाय पाण्यात गेला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात, पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे, ती खातात, आणि दोन आठवड्यांनी ते पाणी जो पिईल त्याच्या पोटात ती जातात. मी तळ्यावर धावलो. आई तिसऱ्या पायरीवर बसली होती, पाय पोटरीपर्यंत पाण्यात. डोळे मिटले होते. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मी बघितला. म्हणाली, ‘ओरडू नकोस. दोन मिनिटं बसू दे.’

मी आधी इकडेतिकडे कोणी बघतंय का ते पाहिलं. मग तिला उठवलं.

त्याच दिवशी कळवलं असतं तर तळ्यात औषध पडलं असतं आणि कोणालाच काही झालं नसतं. मी वहीत लिहिलं, ‘२ एप्रिल. या आठवड्याची सर्व घरं तपासली. निरंक.’ त्या आठवड्यात मी सगळी घरं तपासली नव्हती. आपलंच घर धरलं नव्हतं.

तू सतराव्या दिवशी आलास.

आई उठली आहे. विचारते, सारखं कोणाला लिहितोस. दादाला म्हटलं. म्हणाली, ‘लिही त्याला, मी मेले की कळवणार नाहीये. अंदाजाने रडत बस म्हणावं.’

तुझा धाकटा


७ एप्रिल, संध्याकाळी सहा. केंद्राच्या ओसरीवर. नुकतीच दाढी झाली आहे.

दादा,

परवा साहेबांना सगळं सांगितलं. वही उघडून २ एप्रिलचं पान दाखवलं. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. मग मीच विचारलं, ‘हापसा काढून नेणार का?’

साहेब म्हणाले, ‘शंभर फूट खोल घातलेला पाइप कोण उपटून खांद्यावर टाकून नेतो रे?’

‘पण तेव्हा मिळाला नसता.’

‘अडला असता. कागद फिरला असता. या गावाचं नाव हापशांच्या दुसऱ्या यादीतही होतं. चार महिन्यांनी बसलाच असता.’

नर्सबाई पट्ट्या गुंडाळत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘चार महिने.’

माझी नोकरी गेली आहे. वही साहेबांनी घेतली. गावात कळलं आहे. कालपासून आपल्या दारावरून जाणारे लोक पलीकडच्या बाजूने जातात. न्हाव्याच्या बायकोला मात्र आता हापशावर रांगेत पुढे घेतात.

न्हाव्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो केंद्रात खाटेवर बसूनच येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दाढ्या करतो. म्हणाला, ‘बस इथे.’ मी बसलो. साबण लावला. वस्तरा गळ्यावर आणला. मग म्हणाला, ‘हलू नकोस. माझा हात कापत नाही, तुझ्यासारखा.’ पूर्ण दाढी केली. पैसे घेतले नाहीत. मला वाटतं मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. पण ते खरं नाही. एकदा घाबरलो होतो, तेच सांगायचं राहिलं आहे.

गावात वाटलेल्या प्रत्येक फडक्याच्या एका बाजूला मी लाल दोऱ्याची एक ओळ शिवली आहे. पाणी गाळताना ती बाजू वर ठेवायची. बायकांना मी सांगायचो, लाल दोरा आभाळाकडे. कारण फडक्याच्या वरच्या बाजूला पाणपिसवा अडकतात. पुढच्या वेळी फडकं उलटं लावलं तर त्याच पिसवा गाळलेल्या पाण्यात धुऊन पडतात. उलटं फडकं नसलेल्या फडक्यापेक्षा वाईट. हे मी तीन वर्षांत हजार वेळा सांगितलं असेल.

२० एप्रिलला दुपारी तू आणि आई पायावरून भांडत होतात. तू पट्टी सोडायला वाकलास, तिने तुझा हात झटकला. मी दोघांच्या मध्ये उभा होतो. भिंगरी माझा शर्ट ओढून म्हणाली, ‘काका, पाणी.’ मी घागरीवर फडकं टाकलं, कळशी ओतली, पेला भरला, तिला दिला. ती घटाघटा प्यायली. रिकामा पेला उलटा करून डोक्यावर ठेवला आणि गिरकी घेतली. तेव्हा माझं लक्ष घागरीकडे गेलं. लाल दोरा खाली होता.

तेव्हाच बोललो असतो तरी काय झालं असतं? ती प्यायली होती. पण मी तुला तेव्हाच सांगितलं असतं, तर गेलं वर्षभर तू तिचे पाय बघितले असतेस.

घागर ओतून द्यायला हवी होती. पण ओतली असती तर तू विचारलं असतंस का ओतलीस, आणि मग तळं, आई, सगळं आलं असतं. म्हणून मी दुसरा पेला भरला आणि तुझ्यादेखत स्वतः प्यायलो. तू म्हणालास, ‘बघा, पाहुण्यांच्या आधी घरमालक.’ तू हसलास. त्या तीन दिवसांत तेवढंच हसलास. तुझ्यापुरतं पाणी मी नंतर फडकं सुलटं करून दोनदा गाळलं.

म्हणून मी रोज पहाटे माझेच पाय बघतो. त्याच घागरीतलं पाणी, एकापाठोपाठ दोन पेले. माझ्या पायाला काही झालं नाही तर कदाचित तिलाही होणार नाही. नर्सबाई म्हणतात, असं गणित नसतं, पिसू कुठल्या पेल्यात पडली ते कोण सांगणार. तरी मी बघतो. आज ७ एप्रिल, अजून काही नाही.

पंचवीस तारखेच्या गाडीने मी तुझ्याकडे येतो. मारायचं असलं तर मार, पण आधी मला तिचे पाय बघू दे.

तुझा धाकटा


२१ एप्रिल, रात्री साडेआठ. केंद्रात, खिडकीजवळची खाट. डावा पाय उशीवर आहे.

दादा,

मी येऊ शकत नाही. १८ तारखेला पहाटे डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला फोड दिसला. तासाभरात मी इथे येऊन स्वतःची खबर दिली. काल टोक बाहेर आलं. आग कशी असते ते आता कळलं. आईला मी तेव्हा दोन मिनिटंही बसू दिलं नव्हतं.

आणि आज दुपारी वहिनींचं पत्र आलं. ते वाचून माझ्या पायाची आग थांबली, म्हणजे जाणवायची थांबली. भिंगरीच्या उजव्या पायावर चार दिवसांपासून फोड आहे. माझं पत्र पोचूनही तू म्हणतोस नवा बूट चावला. ती आवारातल्या उघड्या टाकीत पाय बुडवून बसते आणि मग रडायची थांबते. आणि रविवारी तू तिला डॉक्टरकडे नेऊन तो फोड कापून साफ करून घेणार आहेस.

दादा, कापू नकोस. शहरातल्या डॉक्टरांनी नारू बघितलेला नसतो. ते गाठ समजून कापतील, तो आत तुटेल. आईचा पाय तू बघितलास. तिला निम्मं आयुष्य तरी चालून झालं होतं.

पत्र टपालात टाकलं तर मंगळवारी मिळेल. म्हणून हे नर्सबाईंच्या हातून पाठवतो आहे. त्यांनी रजा टाकली आहे, पहाटेच्या गाडीने निघून शनिवारी दुपारी तुझ्याकडे पोचतील. त्यांनी आजवर एकशे साठ नारू काढले आहेत, एकही तुटला नाही. पिशवीत उकळलेल्या पट्ट्या, मलम आणि काडेपेटीच्या बारा काड्या आहेत, टोकाची दारू खरवडून काढलेली. एक नवं फडकं आहे.

त्यांनी सांगितलेलं मी इथे लिहितो, म्हणजे त्या निघाल्यावर तुझ्याजवळ राहील. टाकी रिकामी करून कोरडी करायला लाव. तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, सगळ्यांना सांग, लाज वाटली तरी सांग. माझ्यासारखं करू नकोस. पाय भिजवायचा तर बादलीत, आणि ते पाणी कोरड्या मातीत ओतायचं. रोज दोन बोटं. अडला की थांबायचं. ती रडेल, ओढून टाका म्हणेल. तरी दोनच बोटं. पहिल्या दिवशी नर्सबाई गुंडाळतील, नंतर तुला गुंडाळावा लागेल. तुझे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत.

गिरक्या महिनाभर बंद. तिला सांग, काकाच्या पण बंद आहेत.

शेजारच्या खाटेवर न्हावी आहे. त्याचा काल पूर्ण निघाला, उद्या घरी जाईल. त्याला वहिनींचं पत्र वाचून दाखवलं. त्याने पत्राची घडी घालून माझ्या उशीखाली ठेवली. मग म्हणाला, ‘पोरगी पण आहे होय. मला वाटलं होतं मी एकटाच.’ आणि पिशवीत आपल्या दुकानातली छोटी कात्री घातली, पट्ट्या कापायला.

आईला आज सांगितलं. तिने एकदाही टोमणा मारला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

तू हे वाचतो आहेस तेव्हा नर्सबाई बाहेर उभ्या आहेत. मी पाठवलं म्हणून तू त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवशील, ही भीती मला आज सगळ्यात मोठी आहे, पायापेक्षा मोठी. माझ्याशी पुढे बोलू नकोस, चालेल. दार उघड.

खाली हिशेब देतो, म्हणजे नर्सबाईंना तू पैशांचं विचारायला नको.

जमा: नारूची खबर दिल्याबद्दल बक्षीस, ३००. (साहेब म्हणाले, स्वतःच्या पायाची असली तरी नियम नियम आहे.)

खर्च: नर्सबाईंचं जायचं-यायचं गाडीभाडं, १४०. पट्ट्या आणि मलम, ५५. चार पत्रांची पाकिटं आणि तिकिटं, १२.

शिल्लक: ९३. नर्सबाईंजवळ दिले आहेत. भिंगरीला घोट्याला न लागणारी चप्पल घ्यावी.

देणं: न्हाव्याची सहा आठवड्यांची गिऱ्हाइकं. आकडा त्याने सांगितला नाही, मी रोज विचारतो.

देणं: आईला, तळ्याच्या पायरीवरची दोन मिनिटं.

देणं: भिंगरीला, पाणी, एक पेला.